बावीस गुणांचं वर्ष: नीट तिसऱ्यांदा देणाऱ्या एका मुलीचं प्रकरण

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मुलीचं आणि नीटचं, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षेचं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, महाविद्यालय आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. मी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. ही माझी विद्यार्थिनी. त्यामुळे मी पूर्ण तटस्थ आहे असा दावा करत नाही, आणि पुढे दिसेल की एका चुकीत माझाही वाटा आहे.

पार्श्वभूमी

घरी पाच एकर कोरडवाहू शेती. कपाशी, तूर आणि सोयाबीन. वडील दहावी, आई सातवी. धाकटा भाऊ शाळेत. दहावीला मुलीला ८१ टक्के पडले आणि गावात तिला लोक तेव्हापासूनच 'डॉक्टरीन' म्हणू लागले. या हाकेचं ओझं पुढे किती झालं ते तिलाच ठाऊक.

अकरावीला तिने बी ग्रुप घेतला, म्हणजे जीवशास्त्र ठेवलं आणि गणित सोडलं. खेड्यातल्या डॉक्टर व्हायच्या बहुतेक मुली हेच करतात आणि आम्ही शिक्षकही त्यांना अडवत नाही. भौतिकशास्त्राला गणित लागतं हे सांगायची वेळ येते तेव्हा अकरावी अर्धी झालेली असते. महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेकडून इतर मागासवर्गातल्या मुलांना नीटच्या मोफत ऑनलाइन शिकवणीसाठी टॅब आणि रोजचा सहा जीबी डेटा मिळतो, तो तिलाही मिळाला होता. पण घरात रेंज फक्त गच्चीवर. टॅब हळूहळू धाकट्याच्या हातात गेला.

२०२३ मध्ये बारावी झाली. पीसीबीचे, म्हणजे भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून गुण ३०० पैकी १७७, म्हणजे ५९ टक्के. त्याच मे महिन्यात पहिली नीट दिली, ७२० पैकी २६३. वडिलांनी तूर विकून तिला शहरातल्या एका क्लासला घातलं. वसतिगृह, मेस, टेस्ट सिरीज मिळून वर्षाचा खर्च शेतीच्या निव्वळ उत्पन्नाच्या वर गेला. ५ मे २०२४ ला दुसरी नीट झाली. निकाल ४ जूनला लागला, लोकसभेच्या मतमोजणीच्याच दिवशी. गावात सगळे टीव्हीला चिकटले होते. तिला ४०२ गुण मिळाले होते. मामाने पेढे वाटले.

आठ दिवसांत पेढ्यांची चव गेली.

अडचण

त्या वर्षी सुमारे २३ लाख ३३ हजार मुलं परीक्षेला बसली होती. अभ्यासक्रम कमी झालेला, पेपर सोपा गेलेला, आणि गुणांचा पूर आलेला. ४०२ ला तिचा देशपातळीवरचा क्रमांक चार लाखांच्या घरात निघाला. आदल्या वर्षी २६३ गुणांवर तो पाच लाखांच्या आसपास होता. म्हणजे एका वर्षात १३९ गुण वाढले आणि जागा जवळपास तिथेच राहिली. राज्यात सरकारी एमबीबीएसची यादी सहाशेच्या बरीच वर थांबली.

जून संपता संपता बाप-लेक माझ्या घरी आले. वडिलांचा प्रश्न सरळ होता. "सर, आता सांगा, हिचं होते का नाई होत? नसन होत तं मी पैसे कायले घालू?"

या प्रश्नाला मी लगेच उत्तर दिलं नाही. तिला उत्तरपत्रिकेची प्रत आणि अंतिम उत्तरसूची घेऊन बोलावलं. दोन वर्षांचा हिशेब मांडला तो असा.

२०२३ मध्ये ८५ प्रश्न बरोबर, ७७ चूक. २०२४ मध्ये ११५ बरोबर, ५८ चूक. प्रत्येक बरोबर उत्तराला चार आणि चुकीला वजा एक. २०२४ चे विषयवार गुण जीवशास्त्र २८५, रसायन ८०, भौतिक ३७. भौतिकशास्त्रात तिने ४३ प्रश्न सोडवले होते, त्यातले १६ बरोबर आणि २७ चूक. आदल्या वर्षीही भौतिकशास्त्रात चुकलेले प्रश्न २७ च होते. क्लासच्या एका वर्षाने जीवशास्त्र ९५ गुणांनी वर नेलं आणि भौतिकशास्त्र सोळा गुणांनी.

मग बारावीची गुणपत्रिका काढली. भौतिकशास्त्र ५२, दिसायला बरं. पण त्यात प्रात्यक्षिकाचे ३० पैकी २८ आणि लेखीचे ७० पैकी २४. प्रात्यक्षिकाचे गुण आम्ही हात सैल सोडून देतो, सगळीकडेच देतात. तो २८ नसता तर २०२३ मध्येच कुणाच्या तरी लक्षात आलं असतं की या मुलीला भौतिकशास्त्र येतच नाही. माझा वाटा म्हटलं तो हाच.

समोरचे पर्याय

त्या महिन्यात घरात पाच-सहा सल्ले फिरत होते. काही खरे, काही निव्वळ ऐकीव.

पहिला सल्ला मामाचा. बारावीचे गुण कमी आहेत म्हणून नंबर लागत नाही, श्रेणीसुधारला बस. हे चूक होतं. वैद्यकीय प्रवेशाची गुणवत्ता यादी नीटवरच लागते. बारावीचे पीसीबी गुण फक्त पात्रतेपुरते, खुल्या वर्गाला ५० टक्के आणि राखीव वर्गाला ४०. तिचे ५९ होते. श्रेणीसुधारचा अर्ज भरला असता तर जानेवारी ते मार्च हे तीन महिने बोर्डाच्या दीर्घोत्तरी प्रश्नांत गेले असते.

दुसरा सल्ला एका एजंटचा. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक, नीट तीनदाच देता येते, ही शेवटची संधी. दोन, परदेशात एमबीबीएसला नीट पात्र असणं पुरेसं आहे, वीस-बावीस लाखांत काम होतं. पहिली गोष्ट खोटी. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि कमाल वयाची अटही २०२२ मध्ये निघाली. दुसरी अर्धी खरी. नीट पात्रता लागतेच आणि ती तिच्याकडे होती. पण २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप हवी, परत आल्यावर तीनशे गुणांच्या परीक्षेत दीडशे मिळवावे लागतात आणि मग इथेही एक वर्ष इंटर्नशिप. हे सगळं एजंटच्या रंगीत पुस्तिकेत नव्हतं. पैशासाठी दोन एकर काढावे लागले असते. आईने एका वाक्यात विषय संपवला, "वावर इकून शिकलेली पोरगी वावराकडे पाह्यन कशी?"

तिसरा पर्याय बीएस्सी नर्सिंग. त्याची सीईटी वेगळी असते. मला हा पर्याय वाईट वाटला नव्हता, अजूनही वाटत नाही. मुलीला तो 'हरल्यासारखा' वाटला. मी तेव्हा वाद घातला नाही.

चौथा, २०२४ च्याच गुणांवर आयुर्वेद किंवा होमिओपॅथीला खाजगी महाविद्यालयात जागा मिळते का ते पाहणं. इथे कागद आडवे आले. तिच्याकडे जातीचा दाखला होता, जात वैधता प्रमाणपत्र नव्हतं. अर्जच केलेला नव्हता. त्याविना राखीव जागेवरचा प्रवेश नाही, आणि जुलै २०२४ मध्ये राज्याने जो निर्णय काढला, म्हणजे आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि आर्थिक दुर्बल मुलींना कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ, तोही तिच्या हाती लागला नसता.

पाचवा पर्याय, तिसऱ्यांदा नीट.

निर्णय कसा झाला

मी वडिलांना म्हटलं, "भाऊ, हिला सरकारी एमबीबीएस मिळेल असं मी म्हणत नाही. पण गुण कुठे गळतात ते आता दिसतंय, आणि मागच्या वर्षी ते कुणी पाहिलंच नाही. तीच शिकवणी पुन्हा लावायची असेल तर मात्र नको."

शेवटी ज्या अटींवर ठरलं त्या तिने स्वतः वहीत लिहिल्या. शहरात परत जायचं नाही, घरी राहून अभ्यास. तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी प्रथम वर्षाला नाव घालायचं, म्हणजे वर्ष कोरं जाणार नाही. डिसेंबरअखेर सराव परीक्षांत भौतिकशास्त्र सरासरी ६० गुणांच्या वर गेलं नाही तर नर्सिंगच्या सीईटीचा अर्ज भरायचा, रडायचं नाही. आणि जात वैधतेची फाइल गणपतीच्या आत दाखल करायची.

शहरात न जाण्याचं कारण निम्मं पैशाचं होतं. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजारात तेवढा भाव मिळत नव्हता. उरलेलं निम्मं कारण तिने मला नंतर सांगितलं. दीडशे मुलांच्या वर्गात तिने वर्षभरात एकदाही हात वर केला नव्हता.

काय केलं

भौतिकशास्त्राची सुरुवात भौतिकशास्त्राने झालीच नाही. गावात पॉलिटेक्निकची पदविका करून नोकरीच्या शोधात असलेला एक मुलगा होता. त्याने दोन महिने रोज संध्याकाळी तासभर गणित शिकवलं. दहाचे घात, गुणोत्तर, साइन-कोसाइन, आलेखाचा चढ, कॅल्क्युलेटरविना भागाकार. अकरावीत सुटलेलं सगळं. मोबदला म्हणून त्याने काही घेतलं नाही, दिवाळीला आईने त्याला शर्टाचं कापड दिलं.

नीटच्या भौतिकशास्त्रात वीस घटक आहेत. आम्ही अकराच निवडले. धाराविद्युत, किरण प्रकाशशास्त्र, अर्धवाहक, आधुनिक भौतिकी, उष्मागतिकी असे, जिथे सूत्र आणि थोडा आकडा एवढ्यावर प्रश्न सुटतो. घूर्णन गतीला हात लावायचा नाही असं ठरलं. तिला हे पटायला वेळ लागला. सोडून देणं म्हणजे आळस, असं तिच्या डोक्यात बसलेलं होतं.

सर्वांत उपयोगी ठरली ती एक अगदी साधी सवय. सराव परीक्षेत जे उत्तर अंदाजाने दिलं त्याच्या शेजारी पेन्सिलीने टिंब करायचं. नंतर टिंबांचा वेगळा हिशेब. गणिताने पाहिलं तर चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी तोटा होत नाही. चारांत एक बरोबर, तीन चूक, म्हणजे चार प्रश्नांत एक गुण फायदाच. पण कुणी डोळे मिटून बोट ठेवत नाही. पेपर काढणारा चुकीचे पर्याय असे ठेवतो की अर्धवट आठवणारा नेमका तिथेच जातो. तिच्या भौतिकशास्त्रातल्या दहा टिंबांत एखाद-दुसरंच बरोबर निघायचं. जीवशास्त्रात मात्र दहात पाच-सहा. मग नियम ठरला. भौतिक-रसायनात दोन पर्याय नक्की कापता आले तरच गोल रंगवायचा, जीवशास्त्रात मनाला पटेल ते द्यायचं.

जानेवारी २०२५ मध्ये दोन गोष्टी झाल्या. एक, नीटचा नमुना बदलला. कोविडनंतर आलेली ब विभागातली निवड (पंधरातले कोणतेही दहा प्रश्न सोडवायची मुभा) आणि वीस मिनिटांचा जादा वेळ गेला, पुन्हा १८० मिनिटांत १८० प्रश्न आले. तिच्यासारख्या हळू सोडवणाऱ्या मुलीला हा फटका होता, पण सोडून द्यायची सवय आधीच लागल्यामुळे तो कमी बसला. दुसरी गोष्ट तिच्या मनाची. तीन आठवडे ती घराबाहेर पडली नाही, जेवण तुटलं, बोलणं बंद. याबद्दल मी फार लिहिणार नाही. आईच्या लक्षात आलं, तिने मला फोन केला आणि मी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला. दोन-तीनदा ती तिथे बोलली. त्यानंतर आईने तिला तूर सोंगायला रोज सकाळी दोन तास वावरात न्यायला सुरुवात केली. कशाचा किती उपयोग झाला ते मला सांगता येणार नाही. फेब्रुवारीत वही पुन्हा उघडली.

डिसेंबरची अट? सरासरी ५७ आली होती. साठ नाही. तरी आम्ही पुढे गेलो, पण नर्सिंगचा अर्जही भरला. तिने या वेळी हट्ट केला नाही.

कागदांची दुसरी परीक्षा

जात वैधतेसाठी इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. चुलत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मिळाला, पण त्यात आडनावाचं एक अक्षर वेगळं. शेवटी तहसील कार्यालयातून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची नक्कल काढली, त्यात पणजोबांच्या घरच्या जन्माची नोंद जातीसह सापडली. विदर्भात हे कोतवाल बुक अनेक घरांना तारतं. नक्कल मिळवायला वडिलांनी एसटीने नऊ चकरा मारल्या. समितीने आडनावावर त्रुटी काढली, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र नव्याने द्यावं लागलं. प्रमाणपत्र हातात पडलं जुलै २०२५ मध्ये, प्रवेश नोंदणी सुरू असताना.

नॉन-क्रीमीलेअर आणि शिक्षणातल्या खंडाचं, म्हणजे गॅपचं प्रतिज्ञापत्र यांना त्या मानाने काहीच वेळ लागला नाही.

निकाल

४ मे २०२५ चा पेपर कठीण होता, विशेषतः भौतिकशास्त्र. केंद्राबाहेर मुली रडत होत्या. ही बाहेर आली आणि म्हणाली, "सर, चौदा प्रश्न कोरे सोडले फिजिक्सचे." मला आनंद झाला हे तिला तेव्हा कळलं नाही.

१४ जूनला निकाल लागला. गुण ४२४. वडिलांचा फोन आला, आवाजात राग नव्हता, थकवा होता. "सर, बावीस मार्कासाठी सालभर घालवलं काय इनं?"

मी म्हटलं, गुण बाजूला ठेवा, क्रमांक वाचा. क्रमांक पावणेदोन लाखांच्या आसपास होता. देशात पहिल्या आलेल्या मुलालाही त्या वर्षी ६८६ च गुण होते. खुल्या वर्गाची पात्रता आदल्या वर्षीच्या १६२ वरून १४४ वर उतरली होती. बावीस गुणांत ही मुलगी दोन लाखांहून जास्त मुलांच्या पुढे गेली होती. वडिलांना ते फोनवर पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी कागदावर दोन्ही वर्षं शेजारी शेजारी लिहून दाखवली तेव्हा ते बराच वेळ कागद पाहत बसले.

उत्तरपत्रिकेचा हिशेब तर आणखी बोलका निघाला. बरोबर उत्तरं ११६, आदल्या वर्षीपेक्षा फक्त एक जास्त. चुकीची ५८ वरून ४०. भौतिक ५४, रसायन ९८, जीवशास्त्र २७२. म्हणजे बावीस गुणांतले अठरा तिने न रंगवलेल्या गोलांतून मिळवले.

प्रवेशफेऱ्यांत एमबीबीएस-बीडीएसच्या गटात तिला काही मिळालं नाही. वाशिम, बुलढाणा, अमरावती, गडचिरोली, भंडारा इथे २०२४ मध्ये नवी सरकारी महाविद्यालयं सुरू झाली म्हणून घरात आशा होती. पण विदर्भातल्या जागेवर विदर्भातल्या मुलांचा ७० टक्के हक्क ही पद्धत २०२० मध्येच संपली. आता राज्यभराची एकच यादी असते. जवळचं कॉलेज म्हणून वेगळा फायदा नाही.

आयुर्वेदाच्या गटात पहिल्या फेरीत आम्ही चूक केली. पसंतीक्रमात फक्त विदर्भातली महाविद्यालयं टाकली, आईला मुलगी जवळ हवी होती. जागा मिळाली नाही. दुसऱ्या फेरीत मराठवाडा आणि खानदेश जोडलं, तेव्हा एक खाजगी महाविद्यालय मिळालं. तिने प्रवेश घेतला, पण स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरला नाही, म्हणजे वरच्या पसंतीची वाट मोकळी ठेवली. पुढच्या फेरीत विदर्भातल्याच एका अनुदानित महाविद्यालयात बीएएमएसची जागा लागली. शिक्षण शुल्क माफ. वसतिगृह आणि मेसचा खर्च घरचा.

वेगळं काय करता आलं असतं

२०२३-२४ चं वर्ष आणि त्याचा पैसा वाचला असता. पहिल्या निकालानंतर उत्तरपत्रिका कुणी समोर घेऊन बसलं असतं तर भौतिकशास्त्राचं भोक तेव्हाच दिसलं असतं. क्लासने तिची प्रवेशचाचणी घेतली होती, पण ती तुकडी ठरवण्यापुरती. कोणता विषय कच्चा आहे हे घरच्यांना सांगणं त्यांच्या कामात बसत नसावं.

अकरावीत गणित सोडू नये, निदान शिकणं सोडू नये. आता मी बी ग्रुपच्या मुलांना जुलैमध्येच पंधरा तास गणित घेतो. वेळापत्रकात ते नाही, शनिवारी दुपारी घेतो.

नर्सिंगवर मी २०२४ मध्ये गप्प बसलो ते बरोबर होतं का, याचा मला अजून निर्णय करता आलेला नाही. तिसरं वर्ष फळलं म्हणून ते बरोबर ठरत नाही. डिसेंबरची अट आम्हीच मोडली होती. ५७ ऐवजी ४० आली असती तर आम्ही थांबलो असतो का, की तिथेही कारण शोधलं असतं?

आणि जानेवारी. तिच्या मनाची चौकशी आम्ही ती कोसळल्यावर केली. भौतिकशास्त्राच्या टिंबांचा हिशेब दर रविवारी होत होता, झोपेचा आणि जेवणाचा कुणीच ठेवला नाही.

मुलगी सध्या पहिल्या वर्षाला आहे. संस्कृत जड जातं म्हणते, शरीररचना आवडते. एमबीबीएससाठी चौथ्यांदा बसायचं का, असं तिने दिवाळीत विचारलं. मी उत्तर दिलं नाही, पहिल्या सत्राचे गुण आण मग बोलू म्हणालो. धाकटा या वर्षी अकरावीत गेला. त्याने गणित ठेवलंय. त्याच्या जात वैधतेचा अर्ज वडिलांनी ऑगस्टमध्येच दाखल केला, सोबत बहिणीच्या प्रमाणपत्राची आणि त्याच कोतवाल बुकाच्या नकलेची प्रत लावून.